स्थळ क्रमांक अठरा

मला फक्त एक दिवा लावायचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर लोकांनी माझ्याबद्दल काय काय पसरवलं. बू अदनानला, म्हणजे अदनानच्या बापाला, मला, म्हातारपणी प्रसिद्धीचा सोस सुटला, बू अदनानने बापाची बैठक गोऱ्या लोकांना दाखवायला काढली, वगैरे वगैरे. आखातातल्या आमच्या मुहर्रक शहरात बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. गुलूमच्या हलव्याच्या दुकानासमोर दोन माणसं थांबली की पुरतं, आणि गुलूमचा हलवा चांगला असल्यामुळे तिथे दोनाच्या जागी नेहमी सहा थांबलेली असतात.

माझ्या घराच्या पुढच्या अंगाला मजलिस आहे, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची खोली. वडिलांनी तिचं दार रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर उघडलं आणि रात्रीच्या अजानेला लावलं. त्यांच्यामागे मी तेच करत आलो. दार उघडं असणं हेच आमंत्रण. आत आलेल्याला का आलात असं विचारायचं नाही, चोचीच्या किटलीतून, म्हणजे दल्ल्यातून, कहव्याचा पेला भरून हातात द्यायचा. एके काळी इथे नऊ माणसं नेमाने यायची. त्यांतले तिघे अल्लाला प्यारे झाले. पाच जण समुद्रात भराव घालून वसवलेल्या नव्या वसाहतींत राहायला गेले, तिथे म्हणे लिफ्ट आहे आणि गाडी घराखाली उभी राहते. उरला एक बू सक्र. तो समोरच्याच घरात राहतो, त्यामुळे त्याच्या रोजच्या येण्याला निष्ठा म्हणायचं की आळस, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सबीका, म्हणजे माझी बायको, हिने मात्र सगळं ठरवून टाकलं होतं.

“अहो, एका माणसासाठी रोज दल्लाभर कहवा उकळायचा? आणि तोही माणूस रोज तेच बोलणारा?” ती म्हणाली. “अदनान दोन वर्षं बोलावतोय. त्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. फेब्रुवारी संपेपर्यंत बघते. तोवर या खोलीत माणसं दिसली तर राहू. नाही दिसली तर दाराला कुलूप, आणि आपण पोराकडे.”

मी बरं म्हणालो. एकतीस वर्षं बंदराच्या नोंदणी विभागात नोकरी केल्यामुळे मला मुदतीचा आदर आहे. पण खरं सांगतो, त्या दिवशी मजलिसीत वडिलांच्या उशीला टेकून मी कितीतरी वेळ दाराकडे बघत बसलो. दार आपल्या हातून बंद व्हावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

तेव्हा नोव्हेंबर होता. हिवाळ्यात आमच्याकडे पाच वाजायच्या आत सूर्य बुडतो आणि आमची गल्ली काळोखात जाते. तशा काळोखात एके संध्याकाळी बू सक्र माझ्या उंबऱ्याला अडखळला आणि चपलांच्या ढिगात पालथा झाला. ढीग म्हणजे माझीच एक जोडी होती, पण त्याने ढीग म्हटलं. उठून बसल्यावर त्याला साक्षात्कार झाला.

“माणसं का येत नाहीत, कळलं मला,” तो गुडघा चोळत म्हणाला. तो गणिताचा मास्तर होता. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी तो अजून उत्तर आधी सांगतो आणि रीत नंतर. “अंधार! अरे, दार कुठे आहे तेच दिसत नाही. एक दिवा लाव. आणि साधा लावू नकोस. त्या वाटेवर आहेत ना, गोल पांढरे, तसला लाव. गल्लीला शोभेल.”

ती वाट म्हणजे मोत्यांची वाट. आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जाते. मोत्यांच्या जुन्या व्यापाऱ्यांची घरं दुरुस्त करून ती एका वाटेने जोडली आहेत आणि वळणावळणावर खांबावर गोल पांढरा दिवा ठेवलाय. हिवाळ्यात जहाजं लागली की प्रवासी या दिव्यावरून त्या दिव्याकडे मुंग्यांसारखे जातात. बू सक्रच्या सल्ल्यात पुढचं सगळं रामायण दडलेलं होतं, हे दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नियमाने जावं म्हणून मी आधी परवानगी काढायला गेलो. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने नकाशा पाहिला आणि भिंत तुमची असली तरी वीज आमच्याकडे नाही, असं सांगितलं. दुसऱ्या खिडकीवर विचारलं, “दिवा घरातला की रस्त्यावरचा?”

“दिवा घराचा. उजेड रस्त्यावर.”

“उजेडाला आमच्याकडे रकाना नाही,” तो म्हणाला. त्याचा मला राग आला नाही. रकाना नसताना माणसाचं काय होतं ते मी जाणतो.

तिसऱ्या कचेरीचं नाव मी सांगत नाही, कारण बायकोचा भाचा तिथे आहे. तिथे मात्र एका हसतमुख तरुणाने मोत्यांच्या वाटेलगतच्या दिव्यासाठी लागणारा चार पानी अर्ज काढून दिला. तो अर्ज वाचून मला भरून आलं. इतक्या वर्षांत सरकारने मला इतक्या आपुलकीने काही विचारलं नव्हतं. वास्तूचं नाव काय? ‘इब्राहिम बिन खलफान यांची मजलिस.’ किती जुनी? ‘एकोणनव्वद वर्षं.’ उघडण्याची वेळ? ‘असरनंतर, रोज, वडिलांच्या मृत्यूचे तीन दिवस धरून.’ प्रवेशशुल्क? इथे मला जरा अपमान वाटला. मी लिहिलं, ‘पाहुण्याकडून पैसे घेणारा या घराण्यात जन्मला नाही.’ माहिती सांगणारा कोणी उपलब्ध आहे का? ‘बू सक्र. थांबवता येत नाही.’

दुसऱ्या कोणी असल्या प्रश्नांशी दिव्याचा काय संबंध, असं विचारलं असतं. पण कोरा रकाना सोडणं माझ्या रक्तात नाही. आम्ही बंदरावर बुडालेल्या जहाजाचीसुद्धा ‘परत येण्याची तारीख’ भरायचो.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं नाही, टेम्पो आला. चार माणसांनी माझ्या दाराशी खांब रोवला, त्यावर गोल पांढरा दिवा बसवला, आणि भिंतीवर पितळेची पाटी ठोकली. पाटीवर अठरा हा आकडा होता. बू सक्रने चष्मा पुसून ती तीनदा वाचली.

“या वयात तुझं स्थळ निघालं की रे,” तो म्हणाला. “स्थळ क्रमांक अठरा!”

त्याच दिवशी पहिली जोडी आली. जर्मन होती. उंच, तांबूस, पाठीवर पिशव्या. ती दारात वाकून आत शिरली तेव्हा माझं काळीज सुपाएवढं झालं. पाहुणे! वडील असते तर उठून उभे राहिले असते, म्हणून मीही उठलो. डाव्या हातात दल्ला, उजव्या हातात पेला, घोटभर कहवा ओतून दिला. त्यांनी तो प्यायला. मी पुन्हा ओतला. पुन्हा प्यायला.

इथे एक साधी गोष्ट सांगायला हवी. पाहुण्याला पुरे झालं की तो पेला बोटांत धरून जरासा हलवतो. हलवला नाही तोवर यजमानाने ओतत राहायचं. आमच्याकडे रांगतं मूलही हे जाणतं. पण ते जोडपं पेला हलवेना. यजमानाने थांबायचं नाही हा आमचा नियम, आणि ताटात पडलेलं टाकायचं नाही हा बहुधा त्यांचा. दोन शिस्तप्रिय राष्ट्रं समोरासमोर उभी ठाकली. चौदाव्या पेल्याला त्या माणसाचे डोळे तारवटले, माझा गुडघा बोलू लागला, आणि दल्ला संपला म्हणून दोघांची सुटका झाली. जाताना त्याने माझा हात धरून खूप वेळ काहीतरी सांगितलं. मला वाटतं, तो माफी मागत होता.

मी आत जाऊन सबीकाला म्हणालो, “दोन!”

“बघितले,” ती म्हणाली. “वेलदोडे संपले.”

तिसऱ्या दिवशी बावीस आले, पुढे झेंडी घेतलेला वाटाड्या. मला इंग्रजी येतं ते मालाच्या याद्यांपुरतं, पण ‘पोशाख’ आणि ‘नट’ हे शब्द कळण्याइतकं येतं. तो माणूस त्या बावीस जणांना सांगत होता की कोपऱ्यात बसलेले गृहस्थ जुन्या काळच्या मोत्याच्या व्यापाऱ्याच्या वेषात आहेत. मी माझ्या रोजच्या वेषात होतो. एका बाईने माझ्या डोक्यावरचा रुमाल दोन बोटांत धरून पोत पाहिला आणि मान डोलावली. दुसऱ्याने कोनाड्यातल्या माझ्या गुडघ्याच्या मलमाचे, वेगवेगळ्या बाजूंनी, चार फोटो काढले. एकतीस वर्षं लोक माझ्या सहीसाठी रांगेत उभे राहिले आहेत. त्या माणसाला वस्तू म्हणून पाहतात तेव्हा कसं वाटतं, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल.

बरं, बोलायची सोय नाही. ‘हे माझं घर आहे, तुम्ही चुकून आलात’ असं म्हणणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं. ते माझ्या तोंडून निघालं असतं तर वडिलांची उशी माझ्याकडे पाठ फिरवून बसली असती.

बू सक्रला मात्र नवं तारुण्य फुटलं. अर्जात त्याचं नाव होतंच. तो मधोमध बसून मोत्यांसाठी बुड्या मारल्याच्या आठवणी सांगू लागला. हा माणूस मनामाकडे जाणाऱ्या पुलावरून गाडी गेली तरी समुद्राच्या बाजूला बघत नाही, त्याला मळमळतं. सोमवारी तो बारा वाव खोल गेला होता, गुरुवारी सतरा. शार्क मासा आधी लांबून दिसला होता, पुढच्या आठवड्यात त्याने मांडीला घासून सलाम केला.

“अरे, लाज नाही वाटत?” मी एकदा विचारलं.

“त्या वाळवंटातल्या झाडाला बघायला लोक तासभर उन्हात जातात,” तो म्हणाला. “चारशे वर्षं उभं आहे, एवढीच त्याची कामगिरी. ते कोणाशी दोन शब्द बोलतं का? कहवा पाजतं का? इथे निदान कष्ट घेतोय आपण.”

सबीकाने पेला कसा हलवायचा याचं चित्र काढून दाराजवळ चिकटवलं. त्याने कहवा वाचला, पण खोली आणखीच संग्रहालयासारखी दिसू लागली. लोक आधी चित्रासमोर रांग लावायचे. शिवाय प्रवाशांमधल्या बायका, इथे आपलं काही काम नाही असं वाटून की काय, आतल्या दाराने सरळ स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. तिथे सबीका केशर घातलेले खनफरूशचे गोड वडे तळत असायची. मग हसण्याचे आवाज यायचे. एकदा तर तिने एका पोर्तुगीज म्हातारीला पीठ फेटायला बसवलं होतं. सगळ्या घराचंच हसं चाललंय, असं म्हणून मी कपाळाला हात लावला.

शेवटी कचेरीतून बुसैना नावाची मुलगी पाहणीला आली. अदनानच्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल, पण हातात मापाची फीत, कमरेला चाव्या, नजरेत जरब. तिने दोन पेले घेतले, तिसऱ्याला बरोबर हलवला, आणि मला बरं वाटलं.

“काका, सगळं छान आहे,” ती म्हणाली. “फक्त मांडलेल्या वस्तूंवर कोणी बसायचं नाही. या गाद्या, या उशा, यांच्याभोवती दोरी लावू आपण. लाल.”

“या उशा बसण्यासाठीच आहेत, पोरी.”

“होत्या,” ती समजुतीने म्हणाली. मग तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्हाला कुठे धरायचं, काका? दोरीच्या आत की बाहेर?”

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. जानेवारी संपत आला होता. सबीकाची अट माणसांची होती, आणि माणसं तर रोज साठ येत होती. मी गप्प राहिलो असतो तर जिंकलो होतो. पण आयुष्यभर खऱ्याखोट्याच्या नोंदी केलेल्या माणसाला ते जमेना. ही माणसं इब्राहिम बिन खलफानच्या मजलिसीत येत नव्हती, ती सतरानंतर अठरा येतं म्हणून येत होती. एकानेही मला नाव विचारलं नव्हतं.

“मोजायची का ही माणसं?” मी सबीकाला विचारलं.

तिने पीठ मळणं थांबवलं नाही. “तुमची खोली, तुमचं वचन,” ती म्हणाली. “तुम्हीच ठरवा.”

दुसऱ्या दिवशी मी यादीतून नाव काढण्याचा अर्ज केला. तो सहा पानी होता. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘यजमान जिवंत आहे.’

या वेळी टेम्पो आठवड्यात आला. लावण्यापेक्षा काढण्याचं काम आमच्याकडे झपाट्याने होतं. खांब गेला, दिवा गेला, पाटीच्या जागी चार भोकं राहिली. प्रवासी सतरावरून थेट एकोणीसकडे जाऊ लागले. बू सक्र सतरा वावांवरून एकदम कोरड्या जमिनीवर आला आणि ते त्याच्या प्रकृतीला मानवलं नाही. सर्दी झाली म्हणून तो घरातच पडून राहिला. असरनंतर मी दार उघडायचो, दल्ला निखाऱ्यावर ठेवायचो, आणि रात्रीच्या अजानेला तो तसाच भरलेला आत न्यायचो. असे वीस-एक दिवस माझी खोली साफ रिकामी होती.

फेब्रुवारी संपायला तीन दिवस उरले असताना, मी एकटा बसलेलो, तर दारात चपला काढल्याचा आवाज आला. बघतो तो सबीका. आतल्या दाराने नाही, रस्त्याच्या दाराने. अंगात ठेवणीतला काळा बुरखा, बोटांत अंगठ्या. चाळीस वर्षांच्या संसारात ती या वेळी या खोलीत कधी आली नव्हती. तिने सलाम केला आणि पाहुण्याच्या जागी जाऊन बसली. मी नियम धरला. उठलो, ओतलं, पेला दिला.

तिने तो घेतला आणि न पिता समोर गालिचावर ठेवला.

मी दल्ला खाली ठेवला. पाहुण्याने पेला असा खाली ठेवला की त्याचं काही मागणं आहे. आणि यजमानाने ते ऐकण्याच्या आधी म्हणायचं असतं, पी, दिलं. मागणं ऐकून मग हो म्हणणं हा व्यापार झाला. माझ्या आजोबांनी असं न ऐकता एक नौका आणि एक मुलगी दिलेली आहे. त्यांपैकी नौका परत आली.

ती काय मागणार ते मला माहीतच होतं. अदनानच्या दोन खोल्या, लिफ्ट, या दाराला कुलूप. कहव्यावरची वाफ विरत चालली होती. मी उशीकडे पाहिलं, छताच्या लाकडांकडे पाहिलं. नाही म्हणणं शक्य होतं, ती काही कोणाला सांगायला गेली नसती. पण या खोलीत येऊन कोणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही, आणि बायको झाली म्हणून तिच्यापासून सुरुवात करायची?

“पी,” मी म्हणालो. “दिलं.”

तिने पेला उचलला, शांतपणे संपवला, आणखी दोन घेतले आणि मग हलवला.

“दर गुरुवारी असर ते मगरिब, सूर्य बुडेपर्यंत, ही खोली मला हवी,” ती म्हणाली.

“तुला? कशाला?”

“बसायला. अहो, तुमचे पाच मित्र सोडून गेले ते तुम्ही बोटांवर मोजता. त्यांच्या बायका काय इथे राहिल्या? तिघे वारले, त्यांच्या घरच्यांना मुलं घेऊन गेली. तुमच्याकडे निदान बू सक्र उरला, माझ्याकडे कोण होतं? मला काय लिफ्टची हौस आहे? त्या सगळ्या तिकडे होत्या, म्हणून मला तिकडे जायचं होतं.” तिने रिकामा पेला माझ्याकडे सरकवला. “त्या परदेशी बायका ओट्याशी येऊन बसायच्या ना, त्यांचा एक शब्द कळत नव्हता. तरी घर भरल्यासारखं वाटायचं. मग म्हटलं, ज्यांचं कळतं त्यांना बोलवावं. सगळ्यांना फोन केले. तुमच्या बू मिशालची बायको, उम्म मिशाल, तर रडलीच.”

“आणि कुलूप?”

“कुलूप लावलं तर त्या बसतील कुठे?”

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण नंतर. आधी लाज वाटली. इतकी वर्षं मी या भिंतीच्या अलीकडे बसून रिकाम्या जागा मोजत होतो आणि पलीकडच्या ओट्याशी एक बाई एकटी उभी आहे, याची माझ्याकडे नोंदच नव्हती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “पुरे आता, गुरुवारी खजूर चांगला आणा.”

गुरुवारी असरनंतर गल्लीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली. अकरा बायका आल्या. डब्यांचे बोचके, उदाचा धूर, गळामिठ्या, आणि पाच मिनिटांत असा गलका की समोरच्या घरात बू सक्रची सर्दी बरी झाली. मला नम्रपणे, पण स्पष्टपणे, बाहेर काढण्यात आलं. वडिलांच्या उशीला उम्म मिशाल टेकली होती.

बाहेर आलो तर भिंतीला टेकून पाच म्हातारे उभे. बायकांना गाडीने सोडायला आलेले. बू मिशालच्या हातात किल्ली तशीच होती.

“घरी जाऊन परत यायचं म्हणजे पेट्रोल वाया,” तो कसनुसं हसून म्हणाला. “थांबतो इथेच.”

बाकीच्या चौघांनीही पेट्रोलबद्दल चिंता व्यक्त केली. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांना तीन मयतींना भेटलो होतो. बू सक्रने घरातून सतरंजी आणून गल्लीतच अंथरली आणि आम्ही सात म्हातारे पाय दुमडून बसलो. सतराव्या वावावरचा शार्क त्याने पुन्हा बाहेर काढला. त्यांच्यातले दोघे खरोखर पाणबुड्यांच्या घरातले होते. त्यांनी त्याची अशी काही धुलाई केली की हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

पण पाहुण्यांच्या हातात पेला नव्हता. ते काही मला बघवेना. मी उठलो आणि स्वतःच्या मजलिसीचं दार ठोठावलं. दार चार बोटं उघडलं. सबीकाने का आलात असं विचारलं नाही. भरलेला दल्ला आणि सात पेले माझ्या हातात दिले आणि दार लावून घेतलं.

मगरिबच्या अजानेला बायका बाहेर पडू लागल्या तसे म्हातारे उठले, झगे झटकले. बू मिशाल गाडीपर्यंत गेला आणि परत आला. त्याने माझा हात धरला आणि सोडेचना.

“बू अदनान,” तो म्हणाला, “पुढच्या गुरुवारीही यायचं ना रे आम्ही?”

“थांब,” मी म्हणालो. “घरात विचारून सांगतो.”